क्रश सँडमधून पुन्हा दगड

पिंपरी-चिंचवडच्या घरांत शेकोटीसाठी भिंतीत कोनाडा ठेवायची रीत कधी नव्हती. इथली थंडी तेवढी कडक नाही. डिसेंबर-जानेवारीत एखादी पहाट आठ-नऊ अंशांपर्यंत उतरते आणि दहाच्या उन्हात स्वेटर निघतात. आगटी पेटते ती अंगणात, सोसायटीच्या गेटवर नाहीतर चाकणकडच्या शेतात राखणीला बसलेल्यांपुढे. घराच्या आत दगडी शेकोटी बांधायची पद्धत आपल्याकडे आली ती इंग्रजांच्या थंड हवेच्या ठिकाणांबरोबर. १८२८ मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वर वसवायला घेतलं. पुढे तिथे आणि पाचगणीला उभ्या राहिलेल्या बंगल्यांत शेकोटीचा कोनाडा आणि छपरातून वर काढलेलं धुराडं दिसू लागलं. आता रावेत, वाकड, पिंपळे सौदागर, मोशी या भागांतल्या फ्लॅटमध्येही शेकोटी येऊ लागली आहे, ती विजेवर चालणारी. काचेमागे दिव्यांच्या ज्वाळा असतात आणि आत दीड-दोन हजार वॉटचा हीटर. तिच्याभोवती दगडी चौकट असावी असं घरच्यांना वाटतं, आणि ते वाटणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. आगीशेजारी दगड असतो हे चुलीपासून आपल्या डोळ्यांत मुरलेलं आहे.

ही चौकट विकतच्या नकली दगडाची करता येते तशी घरी ओतलेल्या दगडाचीही करता येते. दुसऱ्या मार्गाला मेहनत जास्त आहे, पण या पट्ट्यातल्या माणसांसाठी तो फार ओळखीचा आहे. इथल्या जमिनीखाली दगड आहे आणि इथल्या हातांत साचा आहे. घरगुती नकली दगडाला या दोनच गोष्टी लागतात.

खरा दगडच का लावू नये, हा प्रश्न रास्त आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर इथे एकावर एक बसलेले आहेत. कुठल्याही इमारतीचा पाया खणताना मुरूम संपला की काळा बेसाल्ट लागतो. मोशीच्या खाणी तर शहराच्या हद्दीतच आहेत. अडचण आहे ती वजनाची. बेसाल्टचा एक घनमीटर २९०० किलोच्या आसपास भरतो. दीड मीटर रुंद, सव्वापाच फूट उंच आणि फूटभर जाडीची दगडी शेकोटी बांधली, तर मधला कोनाडा वजा करण्याआधी तिचं वजन दोन टनांच्या घरात जातं. ते सगळं अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर येतं. राहत्या घराच्या स्लॅबचं गणित करताना माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरलेला असतो. महाबळेश्वरच्या बंगल्यातली शेकोटी थेट जमिनीवर उभी असते. नवव्या मजल्यावर तशी उभी करता येत नाही.

म्हणून दगडाची नुसती साल लावायची. पंचवीस मिलिमीटर जाडीचा खऱ्या बेसाल्टचा थर चौरस मीटरला बहात्तर किलोंच्या पुढे जातो. तेवढ्याच जाडीचा सिमेंट-वाळूचा ओतीव थर पंचावन्नच्या आसपास राहतो. वाळूतला काही भाग काढून त्या जागी पर्लाइट किंवा व्हर्मिक्युलाइट घातलं, तर हाच आकडा चाळिशीच्या खाली आणता येतो. ही दोन्ही खनिजं तापवून फुगवलेली असतात. कुंडीतल्या मातीत मिसळायला ती नर्सरीत मिळतात.

या नकली दगडात नकली किती असतं? नदीच्या वाळूवर निर्बंध आले, ती महागली, आणि पुण्याच्या बांधकामांत क्रश सँड रूढ झाली. क्रश सँड म्हणजे खाणीतला काळा दगड क्रशरमध्ये दळून, चाळून केलेली वाळू. दगड ओतण्यासाठी एक घमेलं सिमेंटला तीन घमेली क्रश सँड हे प्रमाण चांगलं बसतं. म्हणजे आपण ज्याला नकली म्हणतो त्याचा बहुतांश भाग सह्याद्रीचाच बेसाल्ट असतो. खाणीत तो फुटला, क्रशरमध्ये दळला गेला, आणि सिमेंटनं त्याला पुन्हा एकसंध केलं. सिमेंटचा जन्मही याच हेतूनं झाला आहे. १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, ते कृत्रिम दगड तयार करण्याच्या पद्धतीतली सुधारणा म्हणून. त्याआधी, १७६९ पासून, एलेनॉर कोड या बाई लंडनच्या लॅम्बेथ भागात भट्टीत भाजलेला कृत्रिम दगड विकत होत्या. त्यांच्या पश्चात, १८३७ मध्ये, त्याच कारखान्यात घडलेला सिंह आज वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी उभा आहे. लंडनच्या धुरापावसानं आजूबाजूचा खरा दगड झिजवला, पण त्याचं नाक-तोंड अजून रेखीव आहे. नकली दगड म्हणजे हलका माल, हा समज त्या सिंहाकडे पाहिलं तर टिकत नाही.

आता साचा. भोसरी, तळवडे आणि चाकणच्या शेडमध्ये साच्याची कामं दिवसरात्र चालतात. कुठे ओतकामाचे पॅटर्न, कुठे डायकास्टिंग, कुठे प्लॅस्टिकचे मोल्ड. तुकडा साच्यातून अडकल्याशिवाय सुटावा म्हणून बाजूंना एक-दोन अंशांचा ड्राफ्ट म्हणजे उतार द्यायचा, आत रिलीजचा हात फिरवायचा, कोपरे किंचित गोल ठेवायचे, हे इथल्या कुठल्याही टूलरूममधल्या माणसाला सांगावं लागत नाही. दगडाच्या साच्यालाही नेमकं हेच लागतं. फरक एकच आहे, आणि सगळी गोम त्यात आहे. कारखान्यात पहिला नग आणि दहा हजारावा नग तंतोतंत सारखा निघाला की काम चोख झालं. दगडात दोन नग सारखे निघाले की काम फसलं. पाच साचे करून त्यांतून शंभर तुकडे ओतले, तर प्रत्येक चेहरा भिंतीवर वीसदा येतो. पाहुण्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण भिंत खोटी आहे हे त्याला बसल्या जागी कळतं. बाजारातल्या स्वस्त पॅनेलची हीच खोड आहे.

म्हणून मूळ दगड निवडण्यात कंजुषी करू नये. खाणीवरून किंवा पाडलेल्या जुन्या घराच्या डबरातून बारा-पंधरा वेगवेगळे दगड आणावेत. इंद्रायणी-पवनेच्या पात्रातले गुळगुळीत गोटे इथे चालत नाहीत, कारण इथल्या बांधकामात सहसा कोणी गोटे रचत नाही. फोडलेला, कंगोरे असलेला दगड हवा. शक्य असेल तर दोन-चार घडीव दगडही घ्यावेत, ज्यांच्यावर पाथरवटाच्या टाकीचे घाव दिसतात. हे घाव वरवर एकसारखे भासतात, पण प्रत्येकाची खोली वेगळी असते. हात दमला की तिरकस होतात, कडेजवळ आल्यावर नाजूक होतात. असा दगड रबराच्या साच्यात उतरला की ज्या कारागिरानं तो घडवला त्याच्या हाताची खूणही उतरते.

साचा सिलिकॉन रबराचा करणं सगळ्यांत चांगलं, पण रबर महाग पडतं. त्यामुळे चार-पाच दगडांचे साचे रबराचे करावेत आणि बाकीचं काम फाउंड्रीच्या पद्धतीनं, एकदाच वापरायच्या साच्यात करावं, असं माझं मत आहे. पत्र्याच्या किंवा लाकडाच्या उथळ चौकटीत शाडू माती भरायची, दगडाचं तोंड तिच्यात दाबून ठसा घ्यायचा, त्यावर पातळ तेलाचा हात द्यायचा आणि माल ओतायचा. शाडू गणपतीच्या दिवसांत गल्लोगल्ली मिळते. तुकडा निघताना ठसा मोडतो, आणि मोडावाच. पुढच्या वेळी दगड जरा फिरवून दाबला की नवा चेहरा तयार. बारीक ओलसर वाळूतही हे होतं. ओतलेल्या मालाला वाळूचे कण चिकटून राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत येतो, तो बेसाल्टला शोभतो.

माल घट्ट ठेवावा. सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी घालायचा मोह आवरावा, कारण जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे बारीक पोकळ्या आणि भेगा राहतात. साच्यात आधी पातळसर मालाचा हात ब्रशनं मारायचा, म्हणजे खाचाखोचा भरतात, मग वरून जाड माल. साचा खालून हलके ठोकला की हवेचे बुडबुडे वर येतात. इथल्या बेसाल्टमध्ये लाव्ह्यातल्या वायूनं सोडलेली बारीक भोकं असतात, काहींत पांढरे झिओलाइटचे स्फटिक भरलेले असतात. ती भोकं हवी असतील तर साच्याच्या तळाशी खडे मीठ विरळ पसरावं. तुकडा नंतर दोन दिवस पाण्यात बुडवला की मीठ विरघळतं आणि जागा रिकाम्या राहतात. पाणी बदलत राहायचं, कारण तुकड्यात मीठ राहिलं तर पुढे भिंतीवर लावलेली जाळी गंजेल.

दुसऱ्या दिवशी तुकडे साच्यातून निघतात, पण काम इथे संपत नाही. हौशी माणसांची घाई नेमकी इथेच नडते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेनं घट्ट होतं. भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस ओलं ठेवायला सांगितलं आहे, आणि बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट आता राख मिसळलेलंच असतं. एप्रिल-मेच्या उन्हात बाल्कनीत ठेवलेला पातळ तुकडा काही तासांत कोरडा होतो आणि त्याचा चुरा पडू लागतो. ओलं गोणपाट आणि वर प्लॅस्टिक, एवढं केलं तरी पुरे. ओल्या सिमेंटला हात लावताना रबरी मोजे मात्र हवेतच. त्यातला अल्कली कातडी जाळतो.

रंगाबाबत माझा आग्रह आहे की सगळा तुकडा एका रंगात रंगवू नये. काळा दगड काळा नसतोच. ताजा फुटलेला भाग निळसर राखाडी असतो, हवापाण्यात राहिलेली बाजू त्यातलं लोह गंजून तपकिरी-नारिंगी झालेली असते, सांध्यांत मुरमाची पिवळट झाक असते. मालात काळं आयर्न ऑक्साइड थोडंसं मिसळावं, सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत. त्यापुढे रंग फारसा गडद होत नाही आणि दहा टक्क्यांच्या पुढे ताकद कमी होऊ लागते. बाकीच्या छटा वरून द्याव्यात. तुकडा ओलसर असताना गेरू आणि पिवडीचं अगदी पातळ पाणी स्पंजनं टेकवायचं आणि लगेच पुसायचं, म्हणजे ते फक्त खाचांत राहतं. गेरू आणि पिवडी या मुळात लोहाच्याच माती आहेत, त्यामुळे सिमेंटच्या अल्कलीत त्या टिकतात. पोस्टर रंग किंवा कपड्यांचे रंग टिकत नाहीत.

आता भिंतीकडे वळायला हवं, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. नव्या इमारतींत आतल्या भिंतींना बहुतेक जिप्समचा गिलावा असतो. दिसायला तो सुंदर, गुळगुळीत आणि पांढरा. त्याच्यावर सिमेंटच्या मालानं दगड चिकटवले तर सुरुवातीला ते छान बसतात. पण ओलाव्यात सिमेंटमधली ॲल्युमिनेटं आणि जिप्सममधलं सल्फेट एकत्र आले की एट्रिंजाइट नावाचे स्फटिक बनतात, फुगतात आणि मधला थर सुटतो. मग काही महिन्यांनी तुकडे पडायला लागतात, आणि दोष दगडावर जातो. लपलेल्या कोपऱ्यात खिळ्यानं ओरखडा काढून पाहावा. मऊ पांढरी पूड निघाली तर जिप्सम समजावं. जेवढ्या भागावर दगड लागणार तेवढा गिलावा पूर्ण काढून आतल्या भिंतीपर्यंत जायचं. आत सिपोरेक्सचे, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटचे ब्लॉक असतील तर त्यांच्यावर कोंबडी-जाळी आणि सिमेंटचा खरखरीत हात. मायवनच्या, म्हणजे साच्यात सलग ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतील तर टाचे मारून पृष्ठभाग खडबडीत करायचा, पण हलक्या हातानं, कारण त्या भिंती इमारतीचा भार पेलतात आणि त्यांच्यात वायरिंगचे पाइपही असतात. त्यानंतर टाइल ॲडहेसिव्ह भिंतीला आणि तुकड्याच्या पाठीला, दोन्हीकडे लावून तुकडा दाबून बसवायचा.

तुकडे कसे रचायचे हे शिकायचं तर लोकलनं मळवलीला उतरून भाजे लेणी पाहावीत. दोन हजार वर्षांहूनही जुन्या त्या चैत्यगृहातले खांब आतल्या बाजूला झुकलेले आहेत. लाकडी चैत्यगृहात छताचा रेटा पेलायला खांब तसे तिरके उभे करावे लागत. इथे खांबही डोंगरातच कोरलेले, त्यांच्यावर कुठलाच रेटा नाही. ते सरळ ठेवले असते तरी चाललं असतं. तरी कोरणाऱ्यांनी तो झुकाव राखला, कारण लाकडाचं रूप त्यांना लाकडाच्या नियमांसकट हवं होतं. त्यांनी दगडात लाकूड उतरवलं, आपण सिमेंटमध्ये दगड उतरवतोय, आणि शिस्त तीच आहे. आपल्या तुकड्यांवर कुठलाच भार नाही, पण ते भार पेलत असल्यासारखे बसले पाहिजेत. मोठे आणि जड दिसणारे तळाशी, लहान वर. उभे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. कोनाड्याच्या वर आडवा, लांब दगड हवा, कारण खऱ्या बांधकामात पोकळीवरचा भार तोच तोलतो. तिथे लहान तुकडे हवेत लटकल्यासारखे लावले की बाकी सगळी मेहनत वाया जाते. चौकट वळते त्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी दिसणारा काटकोनी तुकडाच लागतो, म्हणून कोपऱ्याचे साचे आधी करावेत आणि रचनाही कोपऱ्यापासून सुरू करावी. चिंचवडला पवनेच्या घाटावर उभं राहून दगडांच्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, निरखल्या तरी हे सगळं समजतं. दर्जा भरताना माल दगडाच्या तोंडापर्यंत आणू नये, किंचित आत ठेवावा. सावली पडते आणि दगडाला जाडी आल्यासारखी वाटते.

ज्यांना साचे नकोत, त्यांच्यासाठी जुनी दुसरी रीत आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९३७ पासून फॉर्मस्टोन नावाचा नकली दगड विटांच्या घरांवर सर्रास चढवला गेला. भिंतीवर जाळी, तिच्यावर रंगीत गिलाव्याचे थर आणि ओल्यातच कोरलेले सांधे, अशी ती पद्धत. चांगल्या गवंड्याला थापीच्या टोकानं हे जमतं. मात्र सगळं काम माल ओला असतानाच उरकावं लागतं, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्यानं साच्याचीच वाट धरलेली बरी.

थर्माकोलच्या दगडांचा विषय टाळून चालणार नाही, कारण आपल्याकडे नकली दगडाची खरी शाळा गणपतीच्या मखरातच भरली. गरम तारेनं कापलेल्या थर्माकोलचे किल्ले आणि गाभारे या शहरानं वर्षानुवर्षं पाहिले. २०१८ मध्ये राज्यानं सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली आणि ते हात पुठ्ठ्याकडे, कागदाच्या लगद्याकडे वळले. हे फार चांगलं झालं असं मी मानतो. पण आजही भिंतीसाठी फोमचे हलके दगडी पॅनेल विकले जातात, आणि हीटरभोवती ते कधीही लावू नयेत. पॉलिस्टायरिन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, पेटलं की दाट काळा धूर सोडतं.

सिमेंटच्या दगडाला विजेच्या शेकोटीची ऊब बाधत नाही. हीटरची गरम हवा जिथून बाहेर येते ती फट मात्र झाकू नये, आणि दोन हजार वॉटचा हीटर नऊ अँपिअरच्या जवळपास प्रवाह ओढतो म्हणून तो सोळा अँपिअरच्या सॉकेटवरच लावावा. लोणावळ्याच्या किंवा पाचगणीच्या घरात खरीखुरी लाकडं पेटवायची असतील तर हिशोब बदलतो. आगीला भिडणारी आतली बाजू अग्निविटांचीच हवी; भोसरीतल्या हीट ट्रीटमेंटच्या किंवा फाउंड्रीतल्या कामगाराला त्या कुठे मिळतात ते पक्कं माहीत असतं. ओतीव दगड फक्त बाहेरच्या तोंडाला. सुमारे १८० अंशांच्या पुढे पिवळं आयर्न ऑक्साइड तांबूस होतं आणि काळंही तपकिरीकडे झुकतं. चारशेच्या पुढे सिमेंटमधला चुना विघटित होऊ लागतो. तुकड्यात ओल राहिली असेल तर वाफेच्या दाबानं त्याचे कपचे उडू शकतात. आणि धुराडं नसलेल्या बंद खोलीत कोळसा किंवा लाकूड अजिबात पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

काम झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दगडांवर पांढरे क्षार फुलतात. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याचा खडू झालेला असतो. ॲसिड वापरू नये, त्यानं गेरूची छटाही जाते. कोरड्या ब्रशनं झाडावं, पुन्हा आले तर पुन्हा झाडावं, हळूहळू थांबतात. अठ्ठावीस दिवसांत सिमेंटला त्याची बहुतेक ताकद आलेली असते. तोवर हीटर बंद ठेवावा. मग लाकडाच्या दांड्यानं प्रत्येक तुकडा हलके ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर पाठ पूर्ण चिकटलेली आहे. बद्द आवाज देणारा तुकडा त्याच दिवशी काढावा, मागचा जुना माल खरवडावा आणि तो नव्या ॲडहेसिव्हनं परत बसवावा.